चार शब्दांची किंमत : एन्रॉन, दाभोळ आणि ‘मिशन स्टेटमेंट’

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आमच्या गुहागर तालुक्यातल्या एका तरुण मित्राचा फोन आला. काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे त्याचा. घरचे चौघे आणि गावातल्या सहा-सात बायका कामाला. म्हणाला, "दादा, तुम्ही लिहिता ना, मला एक मिशन स्टेटमेंट लिहून द्या. वेबसाइट करतोय. तो करून देणारा म्हणतो, मिशन स्टेटमेंट असलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो आणि विक्री वाढते."

मी विचारलं, "त्यात काय लिहायचं असतं?"

"काहीतरी भारी. गुणवत्ता, सचोटी, ग्राहकांचा सन्मान… असं."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि मग हसू आलं. कारण त्याच्या घराच्या मागच्या सड्यावर चढलं की जिथल्या चिमण्या दिसतात, त्या प्रकल्पाच्या मालकांनी जगातलं एक अतिशय सुंदर मिशन स्टेटमेंट लिहून ठेवलं होतं. त्यातही गुणवत्ता होती, सचोटी होती, सन्मान होता. त्या शब्दांनी विक्री वाढली का? वाढली. पण कशाची, कोणाला आणि बिल कोणी भरलं, ही गोष्ट आपल्या तालुक्यातली असूनही नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही. म्हणून हा प्रपंच.

आधी ते चार शब्द

एन्रॉन ही अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातली कंपनी. १९८५ साली दोन गॅस-पाइपलाइन कंपन्यांच्या विलीनीकरणातून ती तयार झाली. केनेथ ले हे तिचे प्रमुख. गॅस वाहून नेणारी ही कंपनी पुढच्या पंधरा वर्षांत गॅस, वीज आणि आणखी कशाकशाचे सौदे करणारी बलाढ्य व्यापारी कंपनी झाली.

या कंपनीची चार मूल्यं होती : आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. प्रत्येक शब्दाखाली दोन-तीन वाक्यांचं स्पष्टीकरण. निष्ठुरपणाला आणि उद्धटपणाला आमच्याकडे जागा नाही, ग्राहकांशी मोकळेपणाने आणि प्रामाणिकपणे वागू, एकमेकांशी बोलायला वेळ काढू, असा त्याचा मथितार्थ. २००० सालच्या वार्षिक अहवालात ही मूल्यं छापलेली आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्मचाऱ्यांसाठी नीतिनियमांची साठ-पासष्ट पानांची पुस्तिका निघाली. तिची प्रस्तावना खुद्द ले साहेबांची.

आता त्याच अहवालातला विक्रीचा आकडा बघा. १९९९ साली कंपनीचा महसूल ४० अब्ज डॉलर होता. २००० साली तो १०० अब्ज डॉलरच्या वर गेला. एका वर्षात अडीच पट! महसुलाच्या हिशेबाने ती अमेरिकेतली सातव्या क्रमांकाची कंपनी ठरली. ‘फॉर्च्युन’ मासिकाने तिला सलग सहा वर्षं अमेरिकेतली सर्वांत कल्पक कंपनी म्हणून गौरवलं होतं.

म्हणजे मित्राच्या वेबसाइटवाल्याचं म्हणणं कागदावर तरी खरं ठरलं. उत्तम मिशन स्टेटमेंट आणि उत्तम विक्री, दोन्ही एकाच अहवालात.

फक्त २ डिसेंबर २००१ रोजी ही कंपनी दिवाळखोरीत गेली.

आता आपल्या अंगणात

आमच्याकडे आजही लोक त्या जागेला ‘एन्रॉन’च म्हणतात. "एन्रॉनच्या गेटला थांब", "एन्रॉनमध्ये कामाला होता". कंपनी जाऊन पाव शतक होत आलं तरी नाव जात नाही. गंमत म्हणजे कंपनीने प्रकल्पाला नाव दिलं दाभोळचं. दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प मात्र दक्षिणेला, आमच्या गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या परिसरात. नाव एका काठाचं आणि जमीन दुसऱ्या काठाची.

१९९१ साली देशाची तिजोरी रिकामी झाली आणि आर्थिक धोरण बदललं. वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली झाली. जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं भारतात आली आणि काही दिवसांतच महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. निविदा नाही, दुसऱ्या कंपनीशी तुलना नाही. सुमारे २,००० मेगावॅटचा प्रकल्प आणि जवळपास ३ अब्ज डॉलरचा खर्च. दाभोळ पॉवर कंपनीत ८० टक्के वाटा एन्रॉनचा, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा १०-१० टक्के.

१९९३ साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. कारण साधं होतं : प्रकल्प फार मोठा आहे, इंधन महाग आहे आणि स्वस्त कोळशाच्या विजेच्या जागी महाग वीज घ्यावी लागेल, त्यामुळे हे आर्थिकदृष्ट्या परवडणारं नाही. (पुण्याच्या ‘प्रयास’ या गटातल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही पुढे आकडे मांडून हेच सांगितलं.) तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करारावर सह्या झाल्या.

इथे जरा थांबा, कारण मिशन स्टेटमेंटचा आणि विक्रीचा खरा संबंध या करारात आहे.

खाणावळीचा हिशेब

समजा तुम्ही खाणावळ लावलीत. महिन्याचे ३,००० रुपये, साठ वेळचं जेवण. एका ताटाला ५० रुपये पडले. आता करार असा आहे की तुम्ही जेवायला या किंवा येऊ नका, चूल पेटलेली असली की ३,००० द्यायचेच. तुम्ही महिन्यात वीसच वेळा जेवलात, तर एक ताट १५० रुपयांना पडलं. शिवाय हे ३,००० रुपये रुपयांत नाहीत, डॉलरला बांधलेले आहेत. डॉलर चढला की खाणावळ चढली. आणि तुम्ही पैसे थकवलेत तर तुमचे वडील देतील, त्यांनी नाही दिले तर आजोबा देतील, असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेलं.

दाभोळचा करार ढोबळमानाने असाच होता. आकडे माझ्या उदाहरणातले, पण रचना तीच. संयंत्र सुमारे ९० टक्के क्षमतेने चालायच्या तयारीत असेल तर वीज मंडळाने त्याचा स्थिर आकार द्यायचाच, वीज घेतली किंवा न घेतली तरी. त्यातला मोठा भाग डॉलरच्या भावाला बांधलेला. इंधनाचा खर्च वेगळा आणि तोही मंडळाच्याच माथी. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी. राज्याने हात वर केले तर केंद्र सरकारची प्रतिहमी.

करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांना होता. २००१ पर्यंत तो ४६ च्या पुढे गेला.

आता सांगा, अशा विक्रीला मिशन स्टेटमेंट कशाला लागतं? गिऱ्हाईक एकच, वीज मंडळ. ते दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. त्याला माल आवडला नाही तरी पैसे द्यायचेत. गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवायची गरजच करारानं संपवून टाकली होती. मूल्यं कितीही उदात्त असोत, विक्री करारातल्या कलमांवर चालू होती.

माझा पहिला मुद्दा हा आहे : ज्या गिऱ्हाइकाला सोडून जाता येतं, त्याच्यासाठीच वचनाला किंमत असते. जे अडकलंय, त्याला वचन हा फक्त भिंतीवरचा फोटो.

चार मूल्यं आणि गुहागर तालुका

आता ते चार शब्द एकेक करून आपल्या मातीवर ठेवून बघू.

संवाद. १९९३ चा मूळ करार लोकांसमोर आला नव्हता. वीज कोणत्या दराने घेणार, हे ज्यांना बिल भरायचं त्यांनाच माहीत नव्हतं. १९९५ साली कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं की भारतातल्या लोकांना या प्रकल्पांबद्दल ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. त्यावरून इथे मोठं वादळ उठलं. कोणाला शिकवलं, काय शिकवलं, याचं उत्तर शेवटपर्यंत लोकांच्या समाधानाचं मिळालं नाही. लाचेचा आरोप झाला, न्यायालयात गेला, पण सिद्ध झाला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

आदर. वेलदूरची मासेमारी करणारी वस्ती, आजूबाजूचे बागायतदार यांनी जमीन, पाणी आणि मासळीच्या प्रश्नावर विरोध केला. १९९७ साली आंदोलनं झाली, जमावबंदी लागली, शेकडो लोकांना अटक झाली. ३ जूनला पहाटे वेलदूरमध्ये पोलीस घराघरांत शिरले आणि बायकांना बाहेर काढून नेलं. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी यावर अहवाल काढला. जानेवारी १९९९ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. प्रकल्पाच्या बंदोबस्तावरच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, म्हणून जे घडलं त्याची जबाबदारी कंपनीवरही येते, असं त्यात म्हटलं होतं. कंपनीने हा ठपका मान्य केला नाही.

उत्कृष्टता. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने पूर्ण क्षमतेने वीज मागितली, तेव्हा कराराप्रमाणे तीन तासांत संयंत्र पूर्ण ताकदीवर यायला हवं होतं. ते आलं नाही. मंडळाने ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला. चूल पेटली आहे म्हणून पैसे घेत होता, मग ताट मागितल्यावर भात का शिजलेला नाही, असा तो सवाल होता. कंपनीने तो दंड अमान्य केला.

सचोटी. तिच्याकडे शेवटी येतो.

राजकारण्यांची मिशन स्टेटमेंटं

फक्त कंपनीला बोल लावून मोकळं होता येणार नाही. आपल्या पुढाऱ्यांनीही आपापली ध्येयवाक्यं लिहिली होती.

करार झाला तो काँग्रेसच्या राजवटीत. तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू अशी गर्जना केली. आमच्या भागात भिंती त्या घोषणेने रंगल्या होत्या. युती निवडून आली, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने आढावा घेतला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला. फटाके वाजले.

काही महिन्यांतच वाटाघाटी सुरू झाल्या आणि १९९६ च्या सुरुवातीला नवा करार ठरला. दुसऱ्या टप्प्यासह क्षमता २,१८४ मेगावॅट, म्हणजे आधीपेक्षा जास्तच. मे १९९६ मध्ये केंद्रात तेरा दिवसांचं वाजपेयी सरकार होतं. विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना, २७ मे रोजी, त्याने प्रतिहमीला मंजुरी दिली. दुसऱ्या दिवशी सरकारने राजीनामा दिला. पुढे वीज मंडळाने दाभोळ कंपनीत १५ टक्के वाटाही घेतला. म्हणजे गिऱ्हाईकच दुकानाचं भागीदार झालं.

मतदाराला विकलेलं वचन आणि पाळलेलं वचन यात किती अंतर असतं, ते आपण तेव्हा पाहिलं. निवडणुकीचा जाहीरनामा हेही एक मिशन स्टेटमेंटच असतं की! त्याने विक्री होते, म्हणजे मतं मिळतात. पण माल परत करायची सोय पाच वर्षांनी.

बिल आलं तेव्हा

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. ७४० मेगावॅट, इंधन नाफ्था. जागतिक बाजारात तेल महागलं तसा नाफ्था महागला. रुपया घसरला. मंडळाकडे कोळशावरची स्वस्त वीज उपलब्ध होती, म्हणून ते दाभोळची वीज कमी घेऊ लागलं. आणि खाणावळीच्या हिशेबाप्रमाणे, जितकी कमी घेतली तितकं युनिट महाग पडलं. काही महिन्यांत दाभोळचं एक युनिट सात रुपयांच्या पुढे गेलं.

मंडळाची थकबाकी सुरू झाली. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने आधी राज्याची हमी आणि मग केंद्राची प्रतिहमी वठवायला काढली. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. एप्रिल २००१ च्या अहवालाचा रोख असा होता की हे एका सरकारचं किंवा एका खात्याचं अपयश नाही. वेगवेगळ्या सरकारांच्या काळात, वेगवेगळ्या पातळ्यांवर कारभार चुकत गेला. मे २००१ च्या अखेरीस मंडळाने वीज घेणं थांबवलं. संयंत्र बंद पडलं. दुसरा टप्पा जवळजवळ बांधून झाला होता, तो तसाच राहिला.

त्या दिवसापासून आमच्या इथे कंत्राटदार, ड्रायव्हर, खानावळवाले, भाड्याने खोल्या देणारे यांचा धंदा एका रात्रीत बसला. प्रकल्पाला विरोध करणारे आणि त्यावर पोट असणारे, दोघंही हरले. कर्ज देणाऱ्या आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक यांचे पैसे अडकले.

२००५ साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ कंपनी काढली आणि जनतेच्या पैशातून हा हत्ती पुन्हा उभा केला. मग देशातला गॅस मिळेना म्हणून २०१३ च्या सुमारास तो पुन्हा बसला. २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी पुन्हा काही प्रमाणात सुरू झाला. पुढची कहाणी वेगळ्या पोस्टची आहे.

मग त्या चार शब्दांनी विकलं तरी काय?

इथे माझा दुसरा मुद्दा. मिशन स्टेटमेंटने एन्रॉनची वीज विकली नाही. त्याने एन्रॉनचे शेअर विकले.

ते शब्द वीज मंडळासाठी नव्हते, वेलदूरकरांसाठी तर नव्हतेच. ते गुंतवणूकदारांसाठी, पत्रकारांसाठी आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी होते. ऑगस्ट २००० मध्ये एन्रॉनचा शेअर ९० डॉलरला टेकला होता. विक्रीचा तो १०० अब्जांचा आकडा कसा फुगला? इतर कंपन्या सौद्यातलं आपलं मार्जिन विक्री म्हणून दाखवत, तिथे एन्रॉन सौद्याची संपूर्ण रक्कम विक्री म्हणून दाखवायची. दलालाने शंभर रुपयांचा आंबा एकाकडून घेऊन एकशे एकला दुसऱ्याला दिला, तर त्याची कमाई एक रुपया. हे एकशे एक लिहायचे. त्याशिवाय कर्ज लपवायला वेगळ्या भागीदारी संस्था काढलेल्या.

आणि आता सचोटी. या भागीदारी संस्था चालवत होते कंपनीचेच वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो. स्वतःच्या कंपनीशी स्वतःच व्यवहार करायचा, हे नीतिनियमांच्या विरुद्ध होतं. मग काय केलं? १९९९ साली संचालक मंडळाने त्यांच्यापुरता तो नियम बाजूला ठेवला. ठराव करून, रीतसर! म्हणजे नियम मोडायची वेळ आली तेव्हा कोणी लपूनछपून मोडला नाही. बैठकीत हात वर करून मोडला. आणि पुढच्याच वर्षी ती चकचकीत नीतिपुस्तिका सगळ्या कर्मचाऱ्यांना वाटली.

नोव्हेंबर २००१ संपताना शेअर एका डॉलरच्या खाली आला. हजारो कर्मचाऱ्यांनी निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवली होती, ती बुडाली. त्या चार शब्दांवर ज्यांनी सर्वांत जास्त विश्वास ठेवला, तेच सर्वांत जास्त बुडाले. २००६ साली ले आणि स्किलिंग या दोन्ही प्रमुखांना न्यायालयाने दोषी ठरवलं. आणि ती नीतिपुस्तिका? कंपनी बुडाल्यावर लोकांनी ती गंमत म्हणून इंटरनेटवरच्या लिलावात विकायला काढली. त्या पुस्तिकेला खरंखुरं गिऱ्हाईक मिळालं ते तेव्हा.

मग सगळंच खोटं का?

नाही. दुसरी बाजूही सांगतो.

जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ साली एक पानभर प्रतिज्ञा लिहिली. तिच्यात क्रम लावलेला होता : आधी औषध वापरणारे रुग्ण, डॉक्टर, परिचारिका, आया, मग कर्मचारी, मग समाज, आणि भागधारक सर्वांत शेवटी. १९८२ साली शिकागो परिसरात कोणीतरी त्यांच्या टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं. सात माणसं गेली. विष कंपनीने घातलं नव्हतं. तरी तिने देशभरातून ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या वर. टायलेनॉलची विक्री कोसळली. मग छेडछाड केली तर लगेच कळेल अशा वेष्टनात गोळ्या आल्या आणि साधारण वर्षभरात बरंचसं गिऱ्हाईक परत आलं.

तिथे प्रतिज्ञेने विक्री वाढवली का? हो, पण आधी तोटा सोसून. लोकांनी प्रतिज्ञा वाचून विश्वास ठेवला नाही. तिच्यासाठी कंपनीने पदरचे पैसे मोजलेले पाहून ठेवला. आणि हेही लक्षात घ्या, पुढे याच कंपनीवर टाल्कम पावडरवरून हजारो खटले झाले. म्हणजे एकदा पाळलेलं वचन कायमचं पाळलं जाईल, असं नाही. दर वेळी नव्याने पाळावं लागतं.

एन्रॉनच्या शब्दांत आणि या प्रतिज्ञेत मला एक फरक दिसतो. एन्रॉनच्या यादीत क्रम नव्हता. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता, सगळंच महत्त्वाचं. म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या तर आधी काय सोडायचं, याचं उत्तर नाही. दुसऱ्या यादीत ते उत्तर होतं : आधी नफा सोडायचा. काय सोडायचं हे ज्यात लिहिलेलं नाही, त्या वाक्याला मी वचन म्हणणार नाही. ती सजावट.

आज हे का लिहितोय

कोकणात पुन्हा मोठमोठे प्रकल्प येण्याच्या गोष्टी सुरू असतात. सादरीकरणं होतात, चकचकीत पुस्तिका वाटल्या जातात. शाश्वत विकास, स्थानिकांचा सन्मान, पारदर्शकता. मी प्रकल्पांच्या सरसकट विरोधात नाही. आमच्या पोरांना मुंबईला जाऊन दहा बाय दहाच्या खोलीत राहावं लागतं, ते मलाही दिसतं. पण पुस्तिकेवर भाळू नका आणि पुस्तिकेवर चिडूही नका. करार मागा. पैसे कोणत्या चलनात, हमी कोणाची, माल नको असेल तर काय, नुकसान झालं तर कोण देणार आणि किती दिवसांत, हे चार प्रश्न विचारा. दाभोळच्या वेळी हे प्रश्न विचारणारी माणसं होती. त्यांना विकासविरोधी म्हणून हिणवलं गेलं. त्यांची आकडेमोड बरोबर निघाली, पण बिल येऊन पडल्यावर.

आता मित्राचं काय झालं, ते सांगून संपवतो.

मी त्याला लिहून दिलं : "पाकीट उघडल्यावर काजूगर खवट किंवा किडका निघाला, तर फोटो पाठवा. दोन दिवसांत पूर्ण पैसे परत. पाकीट परत पाठवायची गरज नाही." खाली त्याचा फोन नंबर.

तो जरा हिरमुसला. "दादा, हे मिशन स्टेटमेंट वाटत नाही हो. आणि पावसाळ्यात एखादा लॉट दमट निघाला तर? पन्नास लोकांनी पैसे मागितले तर मी काय करू?"

"तर पन्नास लोकांचे पैसे द्यायचे."

"परवडणार नाही."

"मग पावसाळ्यातला लॉट नीट वाळवल्याशिवाय पाकिटात भरू नकोस."

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बायकोला विचारतो, हिशेब तिच्याकडे असतो."

काल त्याचा मेसेज आला. मजकूर ठेवलाय, फक्त दोन दिवसांचे आठ दिवस केलेत, आणि आधी एक ड्रायर घ्यायचं ठरवलंय. मला वाटतं, बायको हुशार आहे.

वेलदूर, अंजनवेल, रानवी, धोपावे, दाभोळ भागातल्या मंडळींना विनंती : तुमच्या घरात त्या काळाच्या आठवणी असतील, प्रकल्पात काम केलेल्यांच्या, विरोधात उभं राहिलेल्यांच्या, दोन्ही. खाली लिहा. माझ्याकडून तारखेत किंवा आकड्यात काही चुकलं असेल तर तेही सांगा, दुरुस्त करीन.